तुम्ही विचारलंत म्हणून: ऐंशी टक्के विश्वास

पुण्याला आले की हा प्रश्न हमखास येतो, आणि हल्ली रशियात शिकायला आलेल्या मुलांचे आईवडीलही फोनवर तोच विचारतात: "तिकडच्या लोकांना या एआयची भीती वाटते की नाही?" विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा उत्तर तयार असतं. कुणाला वाटतं, तिथे सरकार सगळ्यांवर नजर ठेवून असतं, तेव्हा लोक बिचारे घाबरलेले असणार. कुणाला वाटतं, गणित आणि बुद्धिबळात मुरलेली माणसं ती, त्यांना कसली भीती! मी रानडे इन्स्टिट्यूटमध्ये रशियन शिकले, आता मॉस्कोत दुभाषाचं आणि तांत्रिक कागदपत्रांच्या अनुवादाचं काम करते. घाबरणारी आणि न घाबरणारी, दोन्ही प्रकारची माणसं मला रोज भेटतात. बरेचदा ती एकच माणसं असतात.

आधी सरकारी उत्तर सांगून टाकते. रशियाचं राष्ट्रीय एआय धोरण ऑक्टोबर २०१९ मध्ये आलं आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ते सुधारलं गेलं. सुधारलेल्या धोरणात २०३० पर्यंत गाठायची उद्दिष्टं दिली आहेत. संगणकांची ताकद किती वाढवायची, तज्ज्ञ किती तयार करायचे वगैरे. त्यातच एक ओळ आहे: एआयवर विश्वास असणारे नागरिक २०२२ मध्ये ५५ टक्के होते, ते किमान ८० टक्के व्हायला हवेत. पोलाद किती, गहू किती, याचं उद्दिष्ट ठरवणं मला समजतं. लोकांनी किती विश्वास ठेवायचा याचंही ठरवलेलं पाहून मी ती ओळ पुन्हा वाचली. पंचवार्षिक योजनांच्या काळात कारखान्यात नोकरी केलेल्या एका गृहस्थांना ती दाखवली, तर ते म्हणाले, "होईल की पूर्ण. मुदतीच्या आधीसुद्धा होईल."

त्यांचा टोमणा तुमच्या लक्षात आला असेल. म्हणूनच पाहण्यांचे आकडे मी तुमच्यापुढे ओतत नाही. इथली एक मोठी जनमत संस्था व्त्सिओम सरकारी मालकीची आहे. स्वतंत्र असलेल्या लेवाडा केंद्रावर २०१६ पासून 'परदेशी एजंट' असा शिक्का आहे. त्यात अनोळखी नंबरवरून फोन करून कुणी "तुमचा अमुक गोष्टीवर विश्वास आहे का" असं विचारलं, तर इथला माणूस एक तर फोन ठेवतो, नाहीतर ज्यानं कुणाचं काही बिघडणार नाही असं काहीतरी सांगतो.

तेव्हा माझं उत्तर रोजच्या बघण्या-वागण्यातून आलेलं आहे, आणि ते असं: यंत्राशी इथल्या लोकांचं बरं जमतं. यंत्रामागच्या साहेबाशी जमत नाही.

जमतं कसं, ते पाहायला माझ्या घरमालकीण बाईंच्या स्वयंपाकघरात यायला हवं. फ्रिजवर 'अलिसा' बसलेली आहे. अलिसा म्हणजे यांडेक्स कंपनीची बोलणारी मदतनीस, ऑक्टोबर २०१७ मध्ये आली आणि पुढच्या वर्षी स्पीकरमध्ये शिरून घराघरात पोचली. तिचा आवाज तात्याना शितोवा या अभिनेत्रीचा, जी रशियन डबिंगमध्ये हॉलिवूडच्या स्कार्लेट योहान्सनची भूमिका बोलते. त्यामुळे आवाज पहिल्या दिवसापासून सगळ्यांच्या ओळखीचा होता. बाई सत्तरीच्या पुढच्या, एकट्या. सकाळी उणे किती आहे, गोळी घ्यायची वेळ झाली का, बीटचं सूप आंबट झालं तर काय करायचं, सगळं तिला विचारतात आणि शेवटी आभारही मानतात. तिला एआय म्हणायला मात्र त्या तयार नाहीत. "ते टीव्हीवर दाखवतात ते. ही अलिसा आहे."

एकदा त्यांनी तिला राजकारणातलं काहीतरी अडचणीचं विचारलं. अलिसानं गोड आवाजात विषय बदलला. मला वाटलं, बाई चिडतील. त्या उलट खूश झाल्या. म्हणाल्या, "शहाणी आहे. असल्या गोष्टी फोनवर बोलायच्या नसतात." सोव्हिएत काळात घडलेल्या माणसाला यंत्राचं हे गप्प राहणं खटकत नाही, ते त्याला घरातलंच वळण वाटतं. तरुण मुलांना मात्र खटकतं. इथल्या सर्वांत मोठ्या बँकेचा, स्बेरबँकेचा, 'गिगाचॅट' हा चॅटबॉट २०२३ च्या एप्रिलमध्ये जाहीर झाला, यांडेक्सनंही पुढच्या महिन्यात आपलं मॉडेल आणलं, दोन्ही रशियन उत्तम लिहितात. तरी माझ्या ओळखीची विद्यार्थिमंडळी व्हीपीएन लावून किंवा टेलिग्रामवरच्या बॉटमधून चॅटजीपीटीकडे जातात, जे रशियात अधिकृतपणे मिळत नाही. चिनी डीपसीक आल्यावर तर अनेकांनी सुटकेचा निःश्वास टाकला, कारण त्याला व्हीपीएनची कटकट नाही. अमेरिकन यंत्र अमेरिकेचं ऐकतं, चिनी चीनचं, आपलं आपल्या लोकांचं, तेव्हा तिघांनाही विचारून पाहावं, असं एका मुलीनं मला अगदी सहज सांगितलं.

बुद्धिबळाबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे. १९७४ मध्ये स्टॉकहोमला संगणकांची पहिली जागतिक बुद्धिबळ स्पर्धा झाली, ती 'काइसा' या सोव्हिएत प्रोग्रामनं जिंकली. जुन्या इंजिनिअरांपुढे नुसतं नाव काढा, अर्धा तास निघून जातो. पण याच देशात १९५४ च्या तत्त्वज्ञानाच्या एका अधिकृत कोशात सायबरनेटिक्सला, म्हणजे यंत्रांच्या आणि सजीवांच्या नियंत्रणाच्या शास्त्राला, प्रतिगामी छद्मविज्ञान म्हटलं होतं, आणि पाचेक वर्षांत विज्ञान अकादमीनं त्याच विषयासाठी परिषद नेमली. म्हणजे वरून जे आज वाईट ते उद्या चांगलं, परवा सक्तीचं. हे बघितलेल्या माणसाला १ सप्टेंबर २०१७ ला यारोस्लाव्हल शहरात पुतिन शाळकरी मुलांना म्हणाले की एआयमध्ये जो पुढे जाईल तो जगावर राज्य करेल, तेव्हा फारसं दचकायला झालं नाही. पुढच्याच वर्षी, डिसेंबर २०१८ मध्ये, त्याच यारोस्लाव्हलमधल्या कार्यक्रमात सरकारी वाहिनीनं नाचणारा, बोलणारा 'बोरिस' नावाचा अत्याधुनिक रोबो दाखवला. लोकांनी व्हिडिओ थांबवून थांबवून पाहिला, तर मानेपाशी आतल्या माणसाची कातडी दिसत होती. रोबोचा पोशाख बाजारात विकत मिळणारा निघाला.

या बोरिसवर इथे अजून विनोद चालतात. त्यात नोव्हेंबर २०२५ मध्ये 'आयडॉल' नावाचा खराखुरा रोबो मॉस्कोत पहिल्यांदा मंचावर आला, हात हलवला आणि तोंडावर आपटला; मग दोघांनी धावत येऊन काळ्या कापडाच्या आड त्याला लपवायची खटपट केली. त्या कापडावर जितके विनोद झाले तितके पडण्यावर झाले नाहीत. पडला तर पडला, झाकता कशाला, असा एकंदर सूर. बर्फात अडकलेल्या, डिलिव्हरीसाठी आपोआप चालणाऱ्या यांडेक्सच्या छोट्या गाडीला जाणारे-येणारे हात लावून बाहेर काढतात, हे मी स्वतः पाहिलं आहे. धडपडणाऱ्या यंत्राबद्दल इथे आपुलकीच असते.

आता साहेबाकडे वळू. मॉस्कोत दोन लाखांहून अधिक कॅमेरे आहेत आणि चेहरा ओळखणारी यंत्रणा त्यांना जोडलेली आहे. मेट्रोत ऑक्टोबर २०२१ पासून 'फेस पे' आहे: कॅमेऱ्याकडे पाहायचं, दार उघडतं, पैसे खात्यातून जातात. माझ्या ऑफिसातली एक सहकारी ते रोज वापरते, सकाळी दोन मिनिटं वाचतात म्हणते. तीच बाई घरून निघताना मास्क लावते, अगदी उन्हाळ्यातही, जेव्हा तिला कुठे जायचंय हे कुणाला कळू नये असं वाटतं. तिला यात काहीच विसंगत वाटत नाही. मलाही आता वाटत नाही.

कारणं सगळ्यांना ठाऊक आहेत. ऑगस्ट २०१९ मध्ये एक माणूस तुरुंगातल्या आंदोलकाचा पुठ्ठ्याचा पुतळा घेऊन मेट्रोनं फिरला. पुढे चेहरा ओळखणाऱ्या यंत्रणेच्या मदतीनं त्याला शोधून दंड केला गेला. जुलै २०२३ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयानं त्याच्या बाजूनं निकाल दिला, पण तोवर रशिया त्या न्यायालयाच्या कक्षेबाहेर पडला होता. २०२२ नंतर तर निदर्शनांत दिसलेल्या लोकांना सुट्टीच्या दिवशी मेट्रोच्या दारातच अडवण्याचे प्रकार झाले.

पण राजकारणाशी देणंघेणं नसलेल्या माणसांना हादरवलं ते दुसऱ्याच एका प्रकरणानं. यारोस्लाव्हल प्रांतातले एक जलशास्त्रज्ञ फेब्रुवारी २०२३ मध्ये सायबेरियातल्या क्रास्नोयार्स्कहून विमानानं मॉस्कोत उतरले आणि त्यांना अटक झाली. वीस वर्षांपूर्वीच्या खुन्याच्या रेखाचित्राशी त्यांचा चेहरा ५५ टक्के जुळतो, असं यंत्रणेनं सांगितलं होतं. (हो, तोच आकडा. योगायोगच.) त्या काळात ते दूर कुठेतरी मोहिमेवर होते, असं सहकारी शास्त्रज्ञ ओरडून सांगत राहिले. तरी ते सुमारे दहा महिने कोठडीत होते. प्रकरण वर्तमानपत्रांत गाजल्यावर, डिसेंबरात सुटले, आणि खटला मागे घेतला गेला तो त्यानंतर. मी याबद्दल ज्यांच्याशी बोलले त्यातल्या एकानंही यंत्राला शिवी दिली नाही. यंत्रानं ५५ म्हटलं, म्हणजे ४५ नाही असंही म्हटलं. ते ४५ वाचायची ज्याला गरज वाटली नाही, त्या तपास अधिकाऱ्याबद्दल लोक बोलत होते. मला वाटतं, एआयच्या नीतिमत्तेवर चर्चासत्रात तासभर बोलतात त्यापेक्षा हे जास्त नेमकं आहे.

भीती म्हणाल तर ती पैशाची आहे, आणि ती थेट आहे. टेलिफोनवरून गंडवणाऱ्या टोळ्यांनी हा देश पोखरला आहे; रशियाच्या मध्यवर्ती बँकेच्या हिशेबानं २०२४ मध्ये खातेदारांचे २७.५ अब्ज रूबल चोरीला गेले, त्याच्या आदल्या वर्षी १५.८ अब्ज. सगळं एआयमुळे नाही, अर्थातच. पण आता टेलिग्रामवर मुलाच्या आवाजात निरोप येतो, वरिष्ठाच्या आवाजात 'जरा मदत कर' येतं. घरमालकीण बाईंनी आणि त्यांच्या मुलानं आपसात एक परवलीचा शब्द ठरवला आहे. मार्च २०२५ पासून आपल्या नावावर कुणीच कर्ज काढू नये अशी बंदी नागरिकाला स्वतःवरच घालून घेता येते. बाईंनी ती पहिल्याच आठवड्यात घातली, आणि अलिसाला तारीख लक्षात ठेवायला सांगितली.

नोकऱ्यांबद्दल इथे तुमच्याइतकी चर्चा नाही. जानेवारी २०१७ मध्ये स्बेरबँकेनं 'रोबो वकील' आणून तीन हजार माणसं कमी करण्याची घोषणा केली तेव्हा जरूर गाजावाजा झाला. दोनच वर्षांनी बँकेचे प्रमुख गेर्मान ग्रेफ यांनी एआयच्या चुकांमुळे अब्जावधी रूबल गेल्याचं सांगितलं, तेव्हा वकील मंडळी मिटक्या मारत होती. आता युद्ध, देश सोडून गेलेली तरुण माणसं आणि मुळातच घटलेली जन्मसंख्या यामुळे कामाला हात मिळत नाहीत, बेरोजगारी तीन टक्क्यांच्याही खाली आहे. लेथवर उभ्या असलेल्या माणसाला चॅटबॉटची भीती का वाटावी? वाटते ती आमच्यासारख्यांना: अनुवादक, चित्रकार, डबिंगचे कलाकार. २०२३ मध्ये एका निवेदिकेनं बँकेसाठी दिलेला आपला आवाज संगणकानं बनवून भलत्याच जाहिरातींत वापरला गेला म्हणून कोर्टात धाव घेतली. आमच्या अनुवादाचे दर घसरलेत, 'फक्त तपासून द्या' असं म्हणत अर्धे पैसे देतात. हे पुण्यातही होतंय, त्यामुळे जास्त सांगत नाही.

शेवटी तुमच्यातल्या पालकांसाठी, कारण मूळ प्रश्नामागे बहुतेक वेळा हीच काळजी असते. डिसेंबर २०२२ च्या कायद्यानं चेहरा आणि आवाज यांची एकच राष्ट्रीय नोंदणी आली. रशियन नागरिकाला ती नाकारता येते. त्यासाठी आपल्याकडच्या सेतू केंद्रासारखं एक सरकारी कार्यालय असतं, तिथे अर्ज द्यायचा, आणि ते अर्ज देणाऱ्यांत मी नास्तिक प्राध्यापक पाहिले, तशा २००० च्या सुमारास करदात्याच्या क्रमांकालाही सैतानाचा आकडा म्हणणाऱ्या भाविक आज्याही. परदेशी माणसाला मात्र जानेवारी २०२५ पासून नोंदणीशिवाय सिमकार्ड मिळत नाही. मीही बँकेत जाऊन कॅमेऱ्यात पाहिलं आणि सांगितले तसे आकडे मोठ्यानं वाचले. माझा विश्वास आहे की नाही, हा मुद्दा तिथे निघाला नाही. तुमचा मुलगा येणार असेल तर पासपोर्टचं नोटरी केलेलं रशियन भाषांतर आधी करून ठेवा; मग सामाजिक विम्याचा क्रमांक, मग बँकेत ही चेहऱ्या-आवाजाची नोंद, मग सिम, असा क्रम आहे. तोवर त्याला हॉस्टेलच्या वायफायवर काढावे लागतील, तेव्हा लगेच फोन लागला नाही तर घाबरू नका.