काठमांडू खोरे आणि लांगटांग: दोन्ही एकाच सहलीत

नेपाळला जायचे म्हटले की आपल्याकडे साधारणपणे दोन तऱ्हेचे बेत ठरतात. पहिला म्हणजे पशुपतिनाथ, मनकामना, पोखरा आणि जमल्यास मुक्तिनाथ असा यात्रा कंपनीचा फेरा. दुसरा म्हणजे काठमांडूत एक रात्र काढून लुक्लाचे विमान पकडायचे आणि एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या वाटेला लागायचे. आम्ही दोन्ही सोडून आधी काठमांडू खोऱ्यातील, तिथल्या मूळच्या नेवार लोकांची जुनी शहरे पाहिली आणि मग उत्तरेकडील लांगटांगच्या खोऱ्यात चालत गेलो. सह्याद्रीत नियमित भटकणाऱ्या, पण हिमालयात प्रथमच जाणाऱ्या मंडळींना हाच बेत मी सुचवीन. लांगटांगला जाण्यासाठी विमानाची गरज नाही, त्यामुळे ढग उतरले म्हणून तीन दिवस विमानतळावर बसण्याची वेळ येत नाही. आणि वाट गावांमधून जाते, म्हणून शहरात सुरू झालेली ओळख डोंगरातही चालू राहते.

तारखा ठरवताना आपले पंचांगच उपयोगी पडते. नेपाळचा सर्वांत मोठा सण दशैं म्हणजे आपले नवरात्र आणि दसरा, मात्र तो तिथे कोजागरी पौर्णिमेपर्यंत चालतो. त्या काळात कचेऱ्या बंद असतात, बसगाड्या गावी जाणाऱ्यांनी भरलेल्या असतात आणि भारवाहक व मार्गदर्शक आपापल्या घरी गेलेले असतात. त्यामुळे कोजागरी झाली की निघावे आणि दिवाळीपूर्वी, म्हणजे तिथल्या तिहारपूर्वी, डोंगर उतरून यावे. या काळात पाऊस संपलेला असतो, आकाश स्वच्छ असते आणि थंडी अजून सोसण्याजोगी असते. दुसरा हंगाम मार्च ते मे. तेव्हा दुपारी धुरकट वातावरण असते, पण वाटेवरचे गुराँस, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉन, फुललेले असतात. काठमांडूचा इंद्रजात्रा हा उत्सव पाहायचा असेल तर कुमारीचा, म्हणजे जिवंत देवी मानल्या जाणाऱ्या बालिकेचा, रथ अनंत चतुर्दशीच्या दिवशी ओढायला सुरुवात होते. मात्र त्या सुमारास पाऊस पुरता गेलेला नसतो आणि खालच्या जंगलात जळवा असतात, तेव्हा ती सहल केवळ खोऱ्यापुरती ठेवणे बरे.

भारतीय नागरिकांना व्हिसा लागत नाही. विमानाने जाताना पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र चालते. आधार कार्ड मात्र पंधरा ते पासष्ट या वयोगटातील प्रवाशांना चालत नाही, आणि विमानतळावर यावरून होणारी वादावादी आजही पाहायला मिळते. मुंबईहून थेट विमान आहे. रेल्वेने जायचे असल्यास गोरखपूर गाठून सोनौलीच्या सीमेवरून जाता येते, पण पुढचा रस्त्याचा प्रवास थकवणारा आहे आणि डोंगर चढायच्या आधी तो कशाला, असे माझे मत आहे. नेपाळी रुपया भारतीय रुपयाशी बांधलेला आहे: एका भारतीय रुपयाला 1.60 नेपाळी रुपये. शंभरच्या भारतीय नोटा सर्रास घेतल्या जातात. त्याहून मोठ्या नोटांचे नियम वेळोवेळी बदलले आहेत, तेव्हा निघण्यापूर्वी खात्री करावी. शहरातील बऱ्याच दुकानांत आपले यूपीआय चालते, परंतु डोंगरातला सगळा खर्च रोखीचा समजून काठमांडूतूनच पैसे घेऊन निघावे. पासपोर्ट आकाराची चार-सहा छायाचित्रे जवळ असली की सिम कार्ड आणि परवान्याचे काम अडत नाही. नेपाळात साप्ताहिक सुट्टी शनिवारी असते, हेही ध्यानात असू द्यावे.

खोऱ्यात मुक्काम कुठे करायचा, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. बहुतेक पर्यटक काठमांडूच्या ठमेल भागात राहतात आणि भक्तपूर या जुन्या नेवार शहराला दिवसाची फेरी मारून येतात. मी याच्या उलट करावे असे सांगेन. भक्तपूरचे खरे रूप सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी पर्यटकांच्या गाड्या परतल्यावर दिसते. आम्ही होतो तेव्हा भाताची कापणी झाली होती आणि चौकाचौकांत धान वाळत घातले होते. बायका लाकडी दांड्याने ते उलटेपालटे करीत होत्या, येणारे-जाणारे कडेकडेने वाट काढीत होते आणि त्या पिवळ्या पसाऱ्यामागे न्यातपोल मंदिराची पाच छपरे उभी होती. राजा भूपतींद्र मल्लाने 1702 मध्ये बांधलेल्या या मंदिराने 1934 आणि 2015 असे दोन्ही मोठे भूकंप सोसले. त्याच्या पायऱ्यांवर दोन्ही बाजूंना पहिलवान, हत्ती, सिंह अशा जोड्या एकावर एक बसवलेल्या आहेत. छपरांना आधार देणाऱ्या तिरप्या कोरीव लाकडांकडे मान वर करून पाहण्यासाठी तरी तिथे निवांत बसायला हवे. मातीच्या भांड्यात लावलेले ‘जुजु धौ’ हे दही येथे आवर्जून खावे.

खोऱ्यातील दुसरे जुने शहर पाटण, त्याला वेगळा दिवस द्यावा. तिथले दगडी कृष्णमंदिर 1637 चे, राजा सिद्धिनरसिंह मल्लाच्या काळातले आहे, आणि राजवाड्यातील संग्रहालय खोऱ्यातील सर्व संग्रहालयांत उत्तम आहे. मूर्तींच्या हातांतील मुद्रा आणि आयुधे तिथे इतकी नीट समजावून दिली आहेत की पुढच्या प्रत्येक देवळात त्याचा उपयोग होतो. पशुपतिनाथाला गर्दी टाळायची असेल तर सोमवार सोडून जावे, चामड्याच्या वस्तू खोलीवरच ठेवाव्यात आणि बागमतीच्या घाटावरील चितांची छायाचित्रे काढू नयेत.

डोंगराची तयारी म्हणून खोऱ्याच्या कडेच्या डोंगरावरील नगरकोटहून चांगुनारायणाच्या मंदिरापर्यंत पायी उतरून यावे. बूट आणि पाठपिशवी कुठे टोचते ते तेवढ्या चालण्यात कळते, आणि चांगुनारायणाच्या आवारात लिच्छवी राजा मानदेव याचा इ.स. 464 चा स्तंभलेखही पाहून होतो.

लांगटांगसाठी राष्ट्रीय उद्यानाचा परवाना लागतो आणि सार्क देशांच्या नागरिकांना तो इतर परदेशीयांपेक्षा स्वस्त पडतो. एप्रिल 2023 पासून परदेशी पदयात्रींना नोंदणीकृत संस्थेमार्फत परवानाधारक मार्गदर्शक घेणे बंधनकारक केले आहे. भारतीयही त्यात येतात. आमचा मार्गदर्शक या डोंगरांतल्या तामाङ समाजाचा होता आणि त्याच्यामुळे घराघरांतून ज्या गप्पा झाल्या त्या एरवी झाल्या नसत्या. भारवाहक घेतल्यास त्याचा विमा, त्याचे उबदार कपडे आणि ओझ्याची मर्यादा यांबद्दल संस्थेला आधीच स्पष्ट विचारावे.

काठमांडू ते स्याब्रुबेसी (इथून पायवाट सुरू होते) हा रस्ता त्रिशूली, धुन्चेमार्गे जातो आणि अंतर फार नसले तरी अख्खा दिवस खातो. बसपेक्षा जीप बरी. धुन्चेच्या आसपास परवाने तपासले जातात आणि सामान उघडावे लागते. हा रस्ता पुढे तिबेटच्या सीमेवरील रसुवागढीला जातो. तिथला मितेरी पूल जुलै 2025 मधील पुरात वाहून गेला होता. तेव्हा दरडी आणि रस्त्याची परिस्थिती आदल्या दिवशी विचारून घ्यावी आणि परतीच्या विमानापूर्वी किमान दोन दिवस हातात ठेवावेत.

आता उंचीबद्दल, कारण आपली माणसे इथेच फसतात. कळसूबाईचे शिखर 1,646 मीटरवर आहे. लांगटांगची वाट जिथे सुरू होते ते स्याब्रुबेसीच जवळपास तितक्या उंचीवर आहे. सह्याद्रीत कमावलेला दम पायांना उपयोगी पडतो, विरळ हवेला नाही. उलट, दमदार माणूस वेगाने चढतो आणि लवकर आजारी पडतो. प्रचलित आखणीत पहिला मुक्काम सुमारे 2,400 मीटरवरील लामा हॉटेल या वस्तीत आणि दुसरा थेट 3,430 मीटरवरील लांगटांग गावात असतो. ही एका दिवसातील हजार मीटरची उडी मला पटत नाही. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, हा सर्वमान्य संकेत पाळायचा तर मध्ये घोडातबेला किंवा थ्यांग्स्याप येथे एक रात्र काढावी. डोकेदुखी, मळमळ, भूक मरणे ही लक्षणे दिसली तर वर जायचे नाही, आणि ती वाढली तर रात्र असली तरी खाली उतरायचे. उंचीच्या त्रासावरचे डायमॉक्स हे औषध घ्यायचे की नाही हे आपल्या डॉक्टरांना विचारून निघण्यापूर्वीच ठरवावे; सल्फा औषधांचे वावडे असणाऱ्यांनी तर नक्कीच. विमा घेताना त्यात किती उंचीपर्यंतचे पदभ्रमण आणि हेलिकॉप्टरने सुटका धरली आहे, ते बारकाईने वाचावे.

सुरुवातीची वाट लांगटांग खोला या नदीच्या काठाने दाट जंगलातून जाते. घोडातबेलानंतर झाडी विरळ होऊन खोरे उघडते आणि पुढे लांगटांग गाव येते. 25 एप्रिल 2015 च्या भूकंपात वरच्या कड्यावरून सुटलेल्या बर्फ-दगडांच्या लोंढ्याखाली जुने गाव गाडले गेले आणि गावकरी, मार्गदर्शक व परदेशी प्रवासी मिळून तीनशेच्या आसपास माणसे दगावली. आज वाट त्याच राडारोड्यावरून जाते. मृतांच्या नावांचे स्मारक तिथे आहे. तिथे थांबावे, पण सेल्फी काढू नये. गावाच्या पुढे कोरलेल्या मंत्रशिळांच्या लांबच लांब मणिभिंती लागतात. त्या नेहमी उजव्या हाताला ठेवून, म्हणजे आपण देवळात प्रदक्षिणा घालतो तशा, ओलांडायच्या असतात.

क्यांजिन गोम्पा ही वरची वस्ती सुमारे 3,870 मीटरवर आहे आणि तिथे किमान दोन रात्री राहावे. एक दिवस क्यांजिन री (री म्हणजे शिखर) चढावी. पुढच्या दिवशी अंगात बळ असेल तर सुमारे पाच हजार मीटर उंचीची त्सेर्को री, पहाटे अंधारात निघून. क्यांजिन गोम्पात 1950 च्या दशकात स्विस मदतीने सुरू झालेला चीजचा कारखाना आहे. ते चीज चहाबरोबर फार छान लागते.

लॉजमध्ये खोली स्वस्त असते, पण जेवण तिथेच घ्यायचे हा अलिखित करार असतो. शाकाहाऱ्यांची काहीच अडचण नाही. मांसाहाऱ्यांनीही वरच्या भागात मांस टाळावे, कारण ते खालून पाठीवरून आलेले असते. डाळ-भात पुन्हा पुन्हा वाढला जातो. रात्रीच्या जेवणाची ऑर्डर दुपारी पोहोचताच द्यावी आणि स्वयंपाकघरातील बाईंना ‘दिदी’ म्हणावे. आमच्या एका दिदींनी चुलीशेजारी बसवून घेतले, मोजे वाळत घालायला दोरी दाखवली आणि भात वाढताना ‘अलिकति’ (थोडासा) म्हणत पातेले अर्धे रिकामे केले. गरम पाणी, फोन चार्ज करणे आणि अंघोळ यांचे पैसे वेगळे पडतात; पाणी शुद्ध करण्याच्या गोळ्या नेल्या तर प्लास्टिकच्या बाटल्याही टळतात.

उतरताना तीच वाट दोन दिवसांत होते. अंगात उत्साह आणि हातात चार दिवस असतील तर लामा हॉटेलच्या खालून ठूलो स्याब्रुकडे वळून 4,380 मीटरवरील गोसाईंकुंड या पवित्र तलावाला जाता येते. तिथली मोठी यात्रा श्रावण पौर्णिमेला, आपल्या नारळी पौर्णिमेच्या दिवशी, भरते. मार्गदर्शक आणि भारवाहकाची बक्षिसी स्याब्रुबेसीच्या शेवटच्या संध्याकाळी, पाकिटात घालून, प्रत्येकाच्या हाती स्वतंत्रपणे द्यावी, आणि दुसऱ्या दिवशीच्या जीपच्या जागा त्याच संध्याकाळी पक्क्या कराव्यात, कारण सकाळी सातनंतर फारशी वाहने मिळत नाहीत.