सुट्टीतल्या घड्या

सोमवार

सुट्टी लागली आणि जेवणाच्या टेबलाचा ताबा गेला. त्यावर आता रिकाम्या खोक्यांचा किल्ला उभा राहतोय. थोरली नऊ वर्षांची, ती मुकादम. धाकटा साडेचारचा, तो मजूर. मजुरी शून्य, वर दिवसभर बोलणी. तरी गडी काम सोडत नाही.

पहिलं भांडण वर्तमानपत्राच्या पट्ट्यांवरून झालं. थोरलीच्या पट्ट्या सरळ फाटत होत्या, धाकट्याच्या वेड्यावाकड्या. 'हा मुद्दाम करतो' हा आरोप लगेच तयार. मी दोघांची पानं अदलाबदल करून धरायला लावली, तर आता थोरलीची पट्टी तिरकी पळाली. गंमत कागदातच आहे. कारखान्यात कागद तयार होताना तो ज्या दिशेने पुढे सरकतो, त्या दिशेला त्यातले बरेचसे तंतू लागतात. त्या रेघेने फाडला तर सरळ फाटतो, आडवा फाडला की भरकटतो. जाड पुठ्ठ्याची घडीही तंतूंच्या दिशेने घातली तर स्वच्छ बसते, उलट घातली की कडेला चिरा पडतात. गम लावल्यावर कागद एकाच अंगाला का वळतो, याचंही उत्तर हेच: तंतू ओले झाले की जाडीला फुगतात, लांबीला फारसे वाढत नाहीत.

मुकादमबाईंनी आरोप मागे घेतला. माफी मात्र मागितली नाही.

मंगळवार

वाळलेल्या कपड्यांचा ढीग पलंगावर. मी काही न बोलता घड्या घालायला बसलो, आणि हे मी ठरवून करतो. 'चला, कामाला लागा' म्हटलं की दोघांना एकाच वेळी तहान लागते. गप्प बसून सुरुवात केली की धाकटा पाच मिनिटांत ढिगात शिरलेला असतो. त्याच्याकडे मोज्यांचं खातं. जोड्या लावणं त्याला काम वाटतच नाही. रंग, लांबी, टाचेवरची रेघ, सगळं तपासून तो निकाल देतो. एकटे उरलेले मोजे तो 'हरवलेले' म्हणत नाही, 'वाट बघणारे' म्हणतो.

चादर दोघांनी धरायची असते, म्हणून थोरलीला हाक मारली. अर्धी, मग अर्ध्याची अर्धी. तिनं विचारलं, असं करतच राहिलं तर? मग चादर बाजूला आणि कागद हातात. साधा कागद सहा-सात घड्यांच्या पुढे जात नाही, कारण दर घडीला थर दुप्पट होतात. सातव्या घडीला 128. मी सांगितलं की 2002 साली ब्रिटनी गॅलिव्हन नावाच्या अमेरिकेतल्या एका शाळकरी मुलीनं लांबच लांब टॉयलेट पेपर घेऊन बारा घड्या घातल्या होत्या, आणि त्यासाठी किती लांबी लागेल याचं सूत्रही स्वतः मांडलं होतं. थोरलीनं बाराव्या घडीचे थर वहीत काढले, 4096. मग ती न्हाणीघराकडे निघाली. टॉयलेट पेपरचा गुंडा मी वेळीच उचलून वर ठेवला.

उरलेल्या कपड्यांच्या घड्या हिनं घातल्या.

बुधवार

धाकटा डावखुरा आहे हे जेवताना, चेंडू फेकताना कळलंच होतं. पण कात्रीचा विचार आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आला नव्हता. शाळेतून आलेल्या प्रगतिपुस्तकात 'कातरकामात कच्चा' असा शेरा होता, आणि घरीही त्याचा कागद कापला जाण्याऐवजी दोन पात्यांमध्ये मुडपून बसायचा. आज किल्ल्याचे झेंडे कापताना तो चिडून रडला, तेव्हा मी ती कात्री स्वतःच्या डाव्या हातात घेऊन बघितली. मलाही झेंडा कापता येईना.

कात्री कापते ती धारेइतकीच पाती एकमेकांना घासून जातात म्हणून. उजव्या हातानं दाबताना अंगठा आणि बोटं पात्यांना नकळत एकमेकांवर रेटतात. तीच कात्री डाव्या हातात गेली की तोच जोर पात्यांना एकमेकांपासून फाकवतो. भरीस भर म्हणजे वरचं पातं नेमकी कापायची रेघ झाकतं, म्हणून पोर मान वाकडी करून, मनगट पिळून बघत राहतं. बघणाऱ्याला वाटतं, हा धसमुसळा आहे.

संध्याकाळी डावखुऱ्यांची कात्री आणली. घेताना एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. काही कात्र्यांच्या नुसत्या मुठी डाव्या बोटांना बसतील अशा केलेल्या असतात, पाती मात्र उजवीच राहतात. तिचा काही उपयोग नाही. पातीही उलटी हवीत, आरशात दिसावीत तशी. डाव्या हातात धरल्यावर वरचं पातं डावीकडे आलं पाहिजे. घरी आल्यावर त्यानं झेंडे कापले, मग बिलाचा कागद कापला, मग माझ्या वहीचं एक पान. तिसऱ्या गोष्टीवर बोलायला हवं होतं. आज बोललो नाही.

गम लावताना त्यानं विचारलं, पांढरा गम वाळल्यावर कुठे जातो? जात कुठेच नाही. गममध्ये प्लास्टिकसारख्या पदार्थाचे बारीक कण पाण्यात पसरलेले असतात, आणि उजेड त्यांच्यावरून चहूकडे विखुरतो म्हणून तो पांढरा दिसतो. पाणी उडून गेलं की कण एकमेकांत मिसळून सलग पापुद्रा होतो आणि उजेड आरपार जातो. यातलं त्याला किती कळलं कोण जाणे. आता तो गमचे ठिपके मांडून त्यांच्यावर पहारा देतोय.

गुरुवार

आजचा वाद मुलांचा नाही, आमचा. हिच्या मैत्रिणीकडे भिंतीवर तक्ता आहे: अंथरूण आवरलं की एक तारा, ताट उचललं की एक तारा, दहा तारे झाले की बक्षीस. आपणही लावू या, असं हिचं म्हणणं. माझं मत विरोधात, आणि ते निव्वळ आळसातून आलेलं नाही.

1973 साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी स्टॅनफर्डच्या बालवाडीत एक प्रयोग केला होता. स्केचपेननं चित्रं काढायला आवडणारी मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंस तर प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना चित्र झाल्यावर अचानक दिलं. उरलेल्यांना काहीच नाही. काही दिवसांनी तेच पेन बालवाडीत नुसते ठेवून दिले, तेव्हा बक्षीस ठरवून चित्रं काढलेली मुलं त्यांच्याकडे इतरांच्या मानानं निम्माच वेळ फिरकली.

घरकामाचंही फार वेगळं दिसत नाही. वार्नेकेन आणि टोमासेलो यांनी 2006 साली दाखवलं की अवघ्या 18 महिन्यांची मुलं अनोळखी माणसाच्या हातून पडलेली वस्तू उचलून देतात, त्याचे हात भरलेले असले तर कपाटाचं दार उघडून देतात. बक्षीस नाही, कुणी मागितलेलंही नाही. पुढच्या प्रयोगात 20 महिन्यांच्या काही मुलांना मदतीबद्दल खेळणं दिलं गेलं, तर नंतर तीच मुलं मदतीला कमी पुढे आली. नुसती शाबासकी मिळालेल्यांचं किंवा काहीच न मिळालेल्यांचं तसं झालं नाही.

हिनं सगळं ऐकून घेतलं आणि मग रोकडा सवाल टाकला: "ज्या कामात कुणालाच गोडी नाही, त्याचं काय? न्हाणीघराची जाळी साफ करायला कुठलं पोर आपणहून धावतं?" मुद्दा बिनतोड आहे. त्या प्रयोगात आधीपासून असलेली आवड आटली होती. नसलेली आवड आटायचा प्रश्नच येत नाही. तेव्हा तडजोड अशी झाली की धाकट्याच्या मोज्यांना आणि पोछ्याला ताऱ्यांपासून दूर ठेवायचं. जाळीचं नंतर बघू. जाळीचं आमच्या घरी नेहमी नंतरच बघितलं जातं.

एक गोष्ट मात्र मी हिला बोलून दाखवली नाही. साडेचार वर्षांचा पोछा मारतो तेव्हा फरशी आधीपेक्षा ओली आणि मळकी होते, आणि आपल्याला घाई असते. त्याला तेव्हा 'जा, तू खेळ जा' म्हणायचं आणि बाराव्या वर्षी 'कामाला हात लावत नाही' म्हणून ओरडायचं, हा हिशेब मला जमत नाही. त्याच्यामागून दुसरा पोछा मी मारतो, तो झोपल्यावर. समोर मारला तर त्याला निकाल कळतो.

शनिवार

काल काही लिहिलं नाही. आजी आली होती, दोघांनी तिला किल्ल्यात नोकरी दिली.

तक्त्याची कुजबुज थोरलीच्या कानावर गेली असणार, कारण आज तिनं स्वतःच एक यादी करून फ्रिजवर लावली. तारे नाहीत, नुसती कामं आणि पुढे नावं, चौघांचीही. मोजे: धाकटा. बुरुजाला रंग: धाकटा. ब्रश धुणे: ज्यानं वापरले तो. ताटं पुसणे: मी. तोफ: मी. पंख्यावरची धूळ: बाबा. झाडांना पाणी: आई. किल्ल्याचा दरवाजा, उघडझाप होणारा: बाबा, उद्यापर्यंत.

हिनं यादी वाचली आणि माझ्याकडे बघून हसली. त्यात जाळी कुणाच्याच नावावर नव्हती. थोरलीच्या लक्षात आणून दिलं, तेव्हा तिनं पेन्सिल घेतली, जरा विचार केला आणि लिहिलं: जाळी, पाळीपाळीनं, पहिली पाळी बाबाची.

मी म्हटलं, पंखा, दरवाजा आणि जाळी एका दिवसात होणार नाही, दरवाज्याला दोन दिवस दे. तर म्हणाली, "बाबा, तू आधी मोबाईल ठेव, मग सांग."

मुदतवाढ नामंजूर.