पुरे कर गं आता

आज आईच्या रेडिएशनचा सातवा शेक. रिक्षा अशोकस्तंभावरून वळली आणि मी सवयीने विचारलं, आई, आत्ता आपण कुठे आहोत? ती गप्प, मग हळूच म्हणाली, "पुरे कर गं आता, सकाळपासून चौथ्यांदा विचारतेयस."

तेव्हापासून मला काही सुचत नाहीये. चार वेळा! तिने मोजलं होतं, म्हणजे लक्षात राहतंय की, मग मी काय तपासत होते?

डॉक्टरांनी सगळं समजावलं होतं. पूर्ण मेंदूला शेक, १० दिवसांत ३० ग्रे (रेडिएशनचा डोस मोजायचं एकक), पण दोन्ही बाजूंना आत जो हिप्पोकॅम्पस असतो, जिथे नव्या आठवणी पक्क्या होतात, तिथे आणि भोवतीच्या ५ मिलिमीटरला डोस कमीत कमी जाईल असं प्लॅनिंग, आणि गाठी तिथून लांब आहेत म्हणूनच ते जमतंय. जोडीला मेमॅन्टिन, अल्झायमरवाल्यांना देतात तीच गोळी, २४ आठवडे. २०२० मध्ये छापून आलेला अभ्यास मी इतक्यांदा वाचलाय, ५१८ पेशंट, गोळी सगळ्यांनाच, आणि हा भाग जपला त्यांच्यात विचार-स्मरण बिघडायचा धोका २६ टक्क्यांनी कमी. किती जगले यात मात्र फरक... जाऊ दे.

फरक दिसला तोही चार-सहा महिन्यांनी. आणि मी सातव्या दिवशी रिक्षात निकाल मागतेय.

दादा फोनवर "काळजी घे" म्हणतो आणि ठेवतो. शेकताना डोकं हलू नये म्हणून घालतात त्या मास्कच्या जाळीचे वळ तिच्या कपाळावर रोज मी बघते, मीच एकटी, मग मी विचारणार नाही तर कोण, असं रडून झालं दुपारी. पण खरं सांगायचं तर मी तिच्यासाठी विचारतच नव्हते. तिने बरोबर उत्तर दिलं की मला तासभर बरं वाटायचं, बस. ती माझी आई आहे आणि मी तिची रोज तोंडी परीक्षा घेत होते. हॉस्पिटलात ते १२ शब्द वाचून दाखवतात, वीस-पंचवीस मिनिटांनी परत विचारतात, तेवढी परीक्षा पुरे आहे तिला.

संध्याकाळी पाऊस लागला तर तीच सुरू झाली, नाशिकच्या ६९ च्या पुराचं, मामाच्या खांद्यावर बसून पाणी बघितलेलं. शंभरदा ऐकलंय, आज पहिल्यांदा मध्ये बोलले नाही. मग म्हणाली, दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर आलंय बघून ये गं. गोदावरीचा पूर आम्ही त्या मूर्तीवरूनच मोजतो.

छत्री घेऊन गेले. आले तेव्हा तिला झोप लागली होती. गुडघ्यापर्यंत आलंय, उद्या सांगेन.