हिरव्या-काळ्याची उतरंड

टाइप ओ निगेटिव्ह या अमेरिकन मेटल बँडच्या चाहत्यांना त्यांचा सर्वोत्तम अल्बम विचारला की दोनच नावं पुढे येतात: १९९३चा 'ब्लडी किसेस' नाहीतर १९९६चा 'ऑक्टोबर रस्ट'. पुढचा सगळा वाद या दोघांतच रंगतो आणि उरलेल्या पाच अल्बमांकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. माझ्या उतरंडीत मात्र या दोघांपैकी एकही पहिला नाही.

आधी या ब्रुकलिनच्या चौघांविषयी. हिरवा आणि काळा एवढे दोनच रंग वापरणारा, मरण, मद्य आणि मोडलेली प्रेमं गाणारा हा बँड मुळात अतिशय वात्रट. १९९१च्या पहिल्याच अल्बमवर, 'स्लो, डीप अँड हार्ड'वर, एका भल्यामोठ्या नावाचं गाणं आहे आणि त्यात मिनिटभर निव्वळ शांतता. पुढच्या वर्षीचा 'द ओरिजिन ऑफ द फीसेस' हा लाइव्ह म्हणून काढला, पण तो स्टुडिओतला. प्रेक्षकांचा गोंगाट वरून चिकटवलेला, आणि हे प्रेक्षक बँडलाच शिव्या घालतात. मध्येच बॉम्बच्या धमकीचं नाटकही होतं. मला तो आवडतो, पण थट्टेपलीकडे त्यात फारसं काही नाही, म्हणून सातवा. 'स्लो, डीप अँड हार्ड' सहावा. त्यातला राग खरा आहे, पण त्या रागाला अजून सूर सापडलेला नाही.

सूर सापडला तो 'ब्लडी किसेस'मध्ये. पीटर स्टीलचा तो तळघरातून आल्यासारखा आवाज, त्याचा घरघरणारा बास, जॉश सिल्व्हरचा चर्चमधल्या ऑर्गनसारखा कीबोर्ड, आणि चाल ब्लॅक सॅबथसारखी संथ. वरच्या सुरावटी मात्र थेट बीटल्सच्या घराण्यातल्या. बीटल्सच्या 'फॅब फोर' या टोपणनावाच्या धर्तीवर यांना 'ड्रॅब फोर', म्हणजे उदास चौकडी, म्हणत ते उगाच नाही. 'ब्लॅक नंबर वन' हे अकरा मिनिटांचं गाणं केस काळे रंगवून मिरवणाऱ्या पोरीची यथेच्छ टिंगल करतं, आणि जगभरच्या तशाच पोरींनी ते आपलं राष्ट्रगीत करून टाकलं. १९७२ सालचं गुळगुळीत 'समर ब्रीझ' इथे असं संथ नि जड होऊन येतं की आता मूळ गाणंच मला घाईत म्हटल्यासारखं वाटतं. अमेरिकेत या अल्बमला प्लॅटिनम मिळालं.

अडचण एकच. भारलेल्या वातावरणात मध्येच दोन आडदांड, आरडाओरड करणारी गाणी घुसतात. १९९४मध्ये ती वगळून आणि 'सस्पेंडेड इन डस्क' घालून दुसरी आवृत्ती निघाली. ती जास्त एकसंध आहे, पण मी मूळचीच ऐकतो. आडदांडपणा काढून टाकला की हे चौघं उगाच सभ्य वाटायला लागतात. क्रमांक तिसरा.

'ऑक्टोबर रस्ट'ची सुरुवातही खोडीनेच. अर्थिंग बिघडल्यावर स्पीकरमधून येते तशी गुणगुण अर्धा मिनिट चालते. आपण वायरी तपासायला उठावं, तोवर चौघं येऊन स्वतःची ओळख करून देतात. मग 'लव्ह यू टू डेथ'चा पियानो लागतो आणि खोडी विसरायला होते. यातल्या गिटारचा आवाज मला नेहमी ओला वाटतो. पाचोळ्यावर पाऊस पडून गेल्यानंतरचा ओला. 'ग्रीन मॅन' म्हणजे युरोपीय लोककथांतला वनदेव; ते गाणं ऐकताना एक गोष्ट माहीत असली की मजा वाढते. स्टील पूर्वी न्यूयॉर्कच्या उद्यान खात्यात नोकरीला होता आणि तिथली पोरं त्याला याच नावाने हाक मारत. म्हणजे हा वनदेव पगारी होता. आणि 'रेड वॉटर'! नाताळच्या जेवणाचं गाणं. मागच्या वर्षी टेबलाशी अकराजण होते, यंदा ताटं सातच. इतकी साधी वजाबाकी आणि तिच्याखाली तो ऑर्गन.

मी सर्वांत जास्त वेळा ऐकलेला अल्बम हाच. तरी तो दुसरा, कारण त्यातलं दुःख फार देखणं आहे. मखमलीत गुंडाळून हातात देतात.

१९९९च्या 'वर्ल्ड कमिंग डाउन'ने ती मखमल काढून घेतली. सुरुवातीची खोडी इथेही आहे. सीडी अडकल्यासारखी अडखळते. त्यानंतर मात्र हसू आटत जातं. 'व्हाइट स्लेव्हरी' कोकेनवर आहे आणि स्टील ते लांबून बघून लिहीत नव्हता. गाण्यांच्या अधूनमधून तीन छोटे ध्वनितुकडे येतात: सायनस, लिव्हर, लंग. एकात नाकाने ओढल्याचा आवाज, एकात पेला भरल्याचा, एकात खोकला. तिन्ही गाणी नव्हेत, पण ते वगळून पुढे गेलं तर अल्बम ऐकल्यासारखं वाटत नाही. 'एव्हरीथिंग डाइज' लिहिणाऱ्याच्या घरात तेव्हा खरंच माणसं जात होती. शीर्षकगीत अकरा मिनिटांचं आहे आणि त्यातल्या एकाही मिनिटाला कुठे पोचायची घाई नाही. एवढं सगळं झाल्यावर शेवटी काय, तर बीटल्सच्या गाण्यांची माळ! मी तिथे दर वेळी हसतो. नाक पुसत हसतो, पण हसतो. हा अल्बम मी वर्षातून क्वचितच लावतो. जास्त ऐकला तोच वरचा, असा हिशेब असता तर तो तळाला गेला असता. पण पहिला क्रमांक रोज सोबत करणाऱ्यालाच द्यावा, असा नियम कुणी केला?

२००३चा 'लाइफ इज किलिंग मी' चौथा. 'टॉड्स शिप गॉड्स' वडिलांवर, 'नेटी' आईवर. पुरुषभर उंचीवर आणखी वीतभर चढलेल्या या माणसाने आईसाठी इतकं उघडं गाणं लिहावं, याचंच मला अप्रूप. बाकी अल्बम जरा लांबला आहे. तीन गाणी मी सहज काढून टाकीन.

मग राहिला २००७चा 'डेड अगेन', आवरणावर झारच्या दरबारातला रशियन गूढवादी रासपुटिन. त्याच्या दोन वर्षं आधी बँडने आपल्या संकेतस्थळावर स्टीलच्या नावाचा थडग्याचा दगड लावून चाहत्यांना घाबरवलं होतं. साहजिकच १४ एप्रिल २०१० रोजी तो अठ्ठेचाळिसाव्या वर्षी खरोखर गेला, तेव्हा अनेकांनी आधी तीही थापच समजली. त्यामुळे 'डेड अगेन'बद्दल बोलताना लोक आवाज खाली आणतात, शेवटचा अल्बम म्हणून दोन गुण जास्त देतात. मी देणार नाही. ड्रम्ससाठी मात्र देईन. आधीच्या काही अल्बमांवर ते यंत्रावर रचलेले होते. इथे ड्रमर जॉनी केली स्वतः वाजवतो आणि त्या दणक्याने सगळ्या बँडच्या अंगात पुन्हा रग येते. 'दीज थ्री थिंग्ज' मात्र चौदा मिनिटं चालतं आणि त्यातली पाच मला जड जातात. म्हणून पाचवा. 'सेप्टेंबर सन'चा पियानो चालू असताना कुणी विचारलंत, तर कदाचित चौथा म्हणेन. तेव्हा विचारू नका.