झाड वयात येते म्हणजे काय होते?

खानापूर तालुक्यातील आमच्या परसात दोन आंबे शेजारी-शेजारी उभे आहेत. एक हापूसचे कलम आहे आणि दुसरा कोयीतून आपोआप उगवलेला रायवळ. कलमाला तिसऱ्याच वर्षी मोहोर आला; रायवळ मात्र आठवे वर्ष सरले तरी नुसता पालवत राहिला. माती तीच, पाऊस तोच. आजीला कारण विचारले, तेव्हा ती म्हणाली, "कलम म्हंजे थोरल्या झाडाची फांदीच की. रायवळ अजून वयात यायचाय."

पुढे वनस्पतिशास्त्र शिकताना मला आजीच्या या शब्दाचा नेमका अर्थ कळला. जनुकातील माहिती उतरवून घेणाऱ्या साखळीसारख्या रेणूला आरएनए म्हणतात आणि साखळीच्या एकेका दुव्याला अक्षर. वनस्पतीच्या पेशींत जेमतेम वीस-एकवीस अक्षरांचे सूक्ष्म आरएनए, म्हणजेच मायक्रो-आरएनए, असतात. त्यांपासून प्रथिन बनत नाही; प्रथिन बनवण्याची माहिती वाहून नेणाऱ्या ज्या संदेशवाहक आरएनएशी त्यांची अक्षरे जुळतात, तो तोडणे किंवा त्याचे प्रथिन बनू न देणे, एवढेच त्यांचे काम. असा पहिला रेणू व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांना 1993 मध्ये एका सूक्ष्म कृमीत सापडला, आणि त्याबद्दल त्यांना 2024 चे नोबेल मिळाले. वनस्पतींत हे रेणू 2002 मध्ये आढळले.

फुलण्याच्या संदर्भात यांपैकी दोन महत्त्वाचे आहेत. कोवळ्या रोपात मायक्रो-आरएनए 156 भरपूर असतो आणि तो एसपीएल नावाच्या जनुकांना दाबून ठेवतो. रोप वाढते तसा तो ओसरतो, एसपीएल मोकळी होतात आणि मायक्रो-आरएनए 172 ची निर्मिती वाढवतात. हा दुसरा रेणू फुलोरा रोखून धरणाऱ्या जनुकांना आवरतो. मग पानांत एफटी हे प्रथिन तयार होऊन अन्नरसाबरोबर शेंड्यापर्यंत पोहोचते आणि तिथे पानांऐवजी कळ्या धरू लागतात. पानातून शेंड्याकडे जाणारा असा संदेश असला पाहिजे, हे सोव्हिएत वनस्पतिशास्त्रज्ञ चैलाख्यान यांनी 1937 मध्येच मांडले होते. हा सारा क्रम मुख्यतः अराबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातील इवल्या रोपावर उलगडला आहे.

झाडांमधला हा बदल डोळ्यांनी पाहायचा असेल, तर आपल्या भागात रस्त्याकडेला लावलेल्या ऑस्ट्रेलियन बाभळीचे ताजे रोप पाहावे. पहिली पाने चिंचेसारखी, बारीक पर्णिकांची असतात. मग देठच रुंदावू लागतो, पर्णिका गळतात आणि कोयत्यासारखी सपाट 'पाने' येतात. काही वेळा एकाच पानावर दोन्ही रूपे दिसतात, खाली रुंद देठ आणि टोकाला चार पर्णिका. याच कुळातील इतर बाभळींत आणि निलगिरीतही कोवळी पाने जाऊन प्रौढ पाने येताना 156 घटत असल्याचे मोजले गेले आहे.

वयात येणे आणि फुलणे एक नव्हे, हेही लक्षात ठेवावे लागते. वयात आलेल्या आंब्यालाही मोहोरासाठी हिवाळ्यातील गार रात्री लागतात. कोवळे झाड मात्र त्याच थंडीत उभे राहूनही मोहोरत नाही.

मला सर्वांत विलक्षण वाटते ते हे, की 156 कमी होण्यामागे पानांनी बनवलेली साखर असते. अराबिडॉप्सिसच्या रोपाची कोवळी पाने काढून टाकली, तर 156 चढाच राहतो आणि प्रौढपण लांबते. आमच्या रायवळाचा शेंडा लहानपणी शेळीने दोनदा पानांसकट खाल्ला होता. त्याचा उशीर त्यामुळेच झाला, असे मी ठामपणे म्हणणार नाही. पण त्याच्याभोवती कुंपण घालायला तेव्हा उशीर झाला, याची हळहळ आता अधिक वाटते.