ट्रॅकसाठी गाडी उघडली तो दिवस

आज दिवसभर माझी ३०० सीसीची छोटी स्पोर्ट बाईक रेसिंग ट्रॅकवर चालवण्यासाठी तयार करण्यात गेला. आरसे, इंडिकेटर आणि नंबरप्लेट अर्ध्या तासात निघाली. त्यानंतर रेडिएटरमधले कूलंट काढून डिस्टिल्ड वॉटर भरले, कारण कूलंटमधले ग्लायकॉल ट्रॅकवर सांडले तर सहजी वाळत नाही आणि मागून येणाऱ्या चालकाच्या टायरखाली ते साबणासारखे वागते.

खरा वेळ खाल्ला तो इंजिन ऑईलच्या ड्रेन बोल्टने, म्हणजे जो काढून जुने ऑईल बाहेर सोडतात त्या बोल्टने. तो सैल होऊन पडू नये म्हणून त्याच्या डोक्यात बारीक भोक पाडून त्यातून तार ओवायची आणि ती घट्ट होण्याच्या दिशेने ओढ देईल अशी पिळून बांधायची, एवढेच काम. पण त्या एका भोकापायी मी ड्रिलचे दोन बिट मोडले.

संध्याकाळी पूर्ण रायडिंग गिअर घालून गाडीवर बसलो आणि मित्राने मागचे सस्पेन्शन किती दबते ते मोजले. साधारण ३० ते ३५ मिलिमीटर अपेक्षित असताना आकडा ४८ आला. प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला दाब, वाढवून तो ३६ वर आणला खरा, परंतु आता मी उतरल्यावर गाडी स्वतःच्या वजनाने जवळजवळ दबतच नाही, इतका दाब द्यावा लागला, म्हणजे मूळ स्प्रिंगच माझ्या वजनाला मऊ आहे. सायलेन्सरसाठी साठवलेले पैसे आता स्प्रिंगवर जातील. आवाज तसाच राहील. माझी त्याबद्दल फारशी तक्रार नाही.