माथ्यावरचा त्रिकोण

जुन्या लोलकाच्या घड्याळांच्या डोक्यावर लाकडी तुरा असतो. कधी सरळ त्रिकोण, कधी दोन्हीकडून वर चढत येऊन शेंड्याआधीच आत वळलेल्या दोन माना, आणि मधल्या फटीत एखादा कलश. घड्याळ घरात, भिंतीवर. त्याला पाऊस कुठून लागायला? पण या त्रिकोणाचा, म्हणजे पेडिमेंटचा, जन्म पावसामुळेच झालेला.

उतरत्या छपराची दोन पाखं जिथे संपतात, तिथे भिंतीच्या माथ्यावर त्रिकोणी जागा उरते. आपल्या कौलारू घरांना ती असतेच. आपण तिथे फळ्या ठोकतो आणि विसरतो. ग्रीकांनी तिथे देव बसवले. अथेन्सच्या पार्थेनॉनवर पूर्वेच्या त्रिकोणात अथेना देवीचा जन्म कोरला होता. अडचण अशी की मध्ये उभं राहायला ऐसपैस जागा, कडेला मात्र छत अंगावर येणार. म्हणून मधले देव उभे, पुढचे बसलेले, त्यापुढचे चक्क लवंडलेले. अगदी टोकाला चंद्रदेवतेच्या रथाचे घोडे, नुसती डोकी. त्यातलं एक आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे: डोळे बाहेर आलेले, नाकपुड्या फुगलेल्या, खालचा जबडा कडेवरून लोंबणारा. रात्रभर धावून दमलेलं जनावर. एवढ्याशा कोपऱ्यातून ज्याने हे काढलं, त्याला माझा दंडवत. बरं, यातल्या मूर्तींच्या पाठीही कोरल्यात, आणि त्या पाठी होत्या भिंतीकडे!

मग त्रिकोण छपराला सोडून एकटाच फिरायला लागला. दारांवर, खिडक्यांवर बसला. जॉर्डनमधल्या पेट्राच्या कड्यात कोरलेल्या, ‘खजिना’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वास्तूवर तर तो मधोमध दुभंगलेला आहे. खरं छप्पर असं फोडलं तर घरात तळं होईल. अठराव्या शतकात तो इंग्रजी कपाटांवर चढला. १७५४ साली चिपेंडेल नावाच्या सुताराने फर्निचरच्या नमुन्यांचं पुस्तकच काढलं. मुंबईत १८३३ साली पुरा झालेला टाउन हॉल पाहा: तीस पायऱ्या, ग्रीक धाटणीचे डोरिक खांब, वर त्रिकोण. माझ्या मते जरा जास्तच गंभीर.

त्यापेक्षा न्यूयॉर्कचा वात्रटपणा मला आवडतो. फिलिप जॉन्सन या वास्तुकाराने तिथे एका टेलिफोन कंपनीसाठी सुमारे दोनशे मीटर उंच इमारत बांधली, १९८४ मध्ये पुरी झाली, आणि तिच्या माथ्यावर कपाटावरचा दुभंगलेला त्रिकोण ठेवून दिला. लोक हसले, चिडले, तिला चिपेंडेल म्हणू लागले. २०१८ मध्ये शहराने तिला वारसा इमारतीचा दर्जा दिला.